पाणी चढलं म्हणजे धरणातून सोडलंच का?

प्रश्न: "गंगापूर धरणातून जास्त पाणी सोडलं तर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागतं. पायाला पाणी लागलंय, म्हणजे धरणातून सोडलंय." त्या दिवशी खरंच सोडलं होतं, तरी सर म्हणतात युक्तिवाद अवैध. असं कसं? (बारावी, पंचवटी, नाशिक)

उत्तर: अरे, सरांचं बरोबर आहे. त्या दिवशी काय झालं ते बाजूला ठेव, ट्रुथ टेबलला (विधानं खरी-खोटी असण्याच्या सगळ्या शक्यता ओळीओळीने मांडणारा तक्ता) त्याच्याशी घेणंदेणं नाही.

'पाणी सोडलं' म्हणजे प, 'पायाला लागलं' म्हणजे फ. दोनच विधानं म्हणून चार ओळी, आणि बघायचं एवढंच की गृहीतकं सगळी खरी पण निष्कर्ष खोटा अशी एखादी ओळ सापडते का, एक जरी सापडली तरी खेळ खल्लास. इथे सापडते: प खोटं, फ खरं. 'प तर फ' खरंच राहतं, कारण 'जर' खोटा असला की अख्खं वाक्य खरं धरतात (इथेच निम्मी पोरं गडबडतात), फ पण खरं, आणि निष्कर्ष प मात्र खोटा. म्हणजे धरण बंद, पण शहरातच धो धो पाऊस पडून नाल्यांचं पाणी गोदावरीत आलं, असंही होऊ शकतं ना!

उलट 'पायाला लागलं नाही, म्हणजे सोडलं नाही' हे बिनधास्त वैध, टेबल मांडून बघ.

तीन विधानं आली की ओळी 8, चार आली की 16, पेपरात तेवढा वेळ कोणाकडे असतो, म्हणून निष्कर्ष खोटा असलेल्या ओळीच आधी तपास.