दोन दिवसांच्या परिषदेचे पीडीयू किती?

प्रश्न : मी पीएमपी (प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र मिळवलेला) आहे, नूतनीकरणाला वर्ष उरलंय. प्रकल्प व्यवस्थापनाच्या दोन दिवसांच्या परिषदेला गेलो तर सोळा पीडीयू, म्हणजे नूतनीकरणासाठी मोजले जाणारे व्यावसायिक विकासाचे एकक, पदरात पडतील का?

उत्तर : नाही. तासाला एक पीडीयू, तोही शिकण्याच्या सत्रांचाच. दीपप्रज्वलन, सत्कार, जेवण, स्टॉलवरच्या गप्पा यांचं काही मिळत नाही. पाऊण तासाचं सत्र म्हणजे ०.७५. दिवसाचे सरसकट आठ तास धरणारे इथेच फसतात.

तीन वर्षांत ६० पीडीयू लागतात, त्यांतले किमान ३५ शिक्षणाचे. शिवाय वेज ऑफ वर्किंग (कामाच्या पद्धती), पॉवर स्किल्स (माणसांबरोबर काम करण्याची कौशल्यं) आणि बिझनेस अ‍ॅक्युमन (व्यवसायाची जाण) या तिन्हींत प्रत्येकी किमान ८ हवेतच. अनेकांचा पहिला रकाना ओसंडून वाहतो आणि तिसरा कोरडा! म्हणून आधी पीएमआयच्या (हे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या) सीसीआरएस या पीडीयू नोंदवायच्या ऑनलाइन खात्यात काय कमी आहे ते बघा, मग समांतर सत्रं निवडा. वक्त्याचं नाव मोठं म्हणून जाऊ नका. अशा भाषणाला टाळ्या भरपूर, हाती लागतं थोडं.

सत्राचं नाव, वक्ता, वेळ त्याच दिवशी खात्यात भरा. हजेरीचं प्रमाणपत्र जपा, ऑडिट निघालं तर पुरावा लागतो. तुमच्या तीन वर्षांच्या चक्राचं हे शेवटचं वर्ष, त्यामुळे यंदा ६० च्या वर गेलेले २० पर्यंत पीडीयू पुढच्या चक्रात नेता येतील.