माहिती प्रणालीची मूलभूत कार्ये कोणती?

मुख्य कामं ३: इनपुट, प्रक्रिया आणि आउटपुट. काही पुस्तकं साठवण आणि नियंत्रण ही २ धरून ५ सांगतात, त्यामुळे आकड्यावरून गोंधळू नका.

ग्रंथालयाचं उदाहरण घ्या. पुस्तकाचा आणि सभासदाचा बारकोड स्कॅन केला, की इनपुट झालं. आजच्या तारखेत ठरलेले दिवस मिळवून परतीची तारीख काढणं ही प्रक्रिया. ती तारीख छापलेली चिठ्ठी म्हणजे आउटपुट. हा व्यवहार नोंदवून ठेवला जातो, ती साठवण.

खरी गंमत पुढे आहे, आणि परीक्षेत नेमकं हेच सुटतं. समजा, कुणाकडे किती पुस्तकं आहेत त्या छापील यादीत (हेही आउटपुटच) दिसलं की एका सभासदाच्या नावावर शंभर पुस्तकं आहेत. म्हणजे कुठेतरी चुकीचा बारकोड स्कॅन झाला असणार! यादी पाहून कर्मचारी नोंद दुरुस्त करतो. आउटपुटवरून मागे वळून इनपुट किंवा प्रक्रिया सुधारायची, याला प्रतिपोषण म्हणजेच फीडबॅक म्हणतात. नियंत्रण, म्हणजे काम ठरल्याप्रमाणे होतंय ना यावर लक्ष ठेवणं, त्याच्याच आधारे चालतं.

आणि हो, यातलं काहीच संगणकावर अडलेलं नाही. जुन्या कार्डांच्या खणांतही हीच कामं व्हायची, फक्त सावकाश.