चिंगीची पेरं आणि सासूबाईंचे हात

प्रश्न : ताई, आम्ही डॅलसजवळ राहतो. आमची मांजर चिंगी दोन वर्षांची आहे. नव्या सोफ्याचा एक कोपरा तिने पार उसवलाय. पुढच्या महिन्यात सांगलीहून सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. हे म्हणतात, "आई यायच्या आत चिंगीच्या नख्या काढून घेऊ, लेझरने करतात, दोन दिवसांत बरी होते." दवाखान्याने तारीखही दिलीय. मला धीर होत नाही, पण आईंना काही झालं तर? – म.

उत्तर : म., ती तारीख आजच रद्द कर.

"नख्या काढणं" हा शब्दच फसवा आहे. मांजराची नखी बोटाच्या अगदी शेवटच्या हाडातून उगवते. ती पुन्हा येऊ नये म्हणून ते अख्खं पेर छाटतात. पुढच्या दोन पंजांची मिळून दहा पेरं! स्वतःच्या तर्जनीचं टोकाचं पेर चिमटीत धरून बघ, ह्यांनाही धरायला सांग. लेझरने रक्त कमी जात असेल, पण छाटलं जातं ते तेवढंच. आणि मांजर चालतं ते बोटांवरच. ब्रिटनमध्ये नुसत्या सोयीसाठी हे करता येत नाही. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये बंदी घातली, मेरीलँडने २०२२ मध्ये. टेक्सासात राज्यभर तसा कायदा नाही, एवढाच काय तो फरक.

आता आईंची काळजी. ती खोटी नाही. पण नख्या गेलेल्या मांजराकडे उरतात ते दात. २०१७ साली छापून आलेल्या उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात २७४ मांजरांची तपासणी झाली, त्यातली निम्मी नख्या काढलेली होती. चावणं, घरात भलतीकडे घाण करणं आणि पाठदुखी त्यांच्यात जास्त आढळली. मांजराचा चावा खोल जातो आणि पिकतो, ओरखड्यापेक्षा तो वाईट. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसांच्या घरीसुद्धा सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था नख्या काढायचा सल्ला देत नाही.

तुझ्या पत्रात सासूबाईंचं मात्र एकही वाक्य नाही गं. त्यांना विचारलंत का? सांगलीच्या घरात मांजरं वावरलेली असतील, तर कदाचित त्यांनाच तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. फोन कर, सगळं सांग, आणि ही शस्त्रक्रिया म्हणजे काय तेही सांग. ओरखडा आलाच तर काय करायचं, हे त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायला सांग. साबण आणि वाहत्या पाण्याने धुणं तर लगेच करायचंच.

सोफ्याचं सोपं आहे. मांजर खोडसाळपणाने ओरबाडत नाही. नखीवरचं जुनं टरफल काढायला, अंग ताणायला आणि आपला वास ठेवायला त्याला काहीतरी लागतंच. सिझलचा, म्हणजे आपल्या घायपाताच्या दोराचा, खांब आण. चिंगी मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली जाईल एवढा उंच, आणि न डगमगणारा. डगमगला की ती परत त्याला हात लावणार नाही. तो खोलीच्या कोपऱ्यात लपवू नकोस, उसवलेल्या कोपऱ्याला अगदी लागून ठेव, आणि सोफ्याच्या त्या भागाला दोन्हीकडून चिकटणारी टेप लाव. हाताशी खेळायची सवय असेल तर ती आजपासून बंद. काठीला बांधलेलं पीस घ्या. ह्यांनीसुद्धा.

नख्या दोन-तीन आठवड्यांनी कापत जा. चिंगी जेवून पेंगत असेल तेव्हा मांडीवर घे. बोट वरून-खालून हलकेच दाबलंस की नखी बाहेर येते. उजेडात धर, आत गुलाबी रेघ दिसेल. ती जिवंत, तिला धक्का नाही. तिच्या पुढचं पारदर्शक, आकड्यासारखं टोक तेवढंच कापायचं. तिने पंजा ओढला की सोडून दे, झटापट नको. नखीवर चिकटवायच्या मऊ टोप्याही मिळतात, आई असेपर्यंत हव्या तर त्या लावून घे.

महिनाभर हाताशी आहे. आज एकच नखी काप आणि लगेच तिच्या आवडीचा खाऊ दे.

– ताई