आनंद पटवर्धन यांचे माहितीपट बघायचे आहेत. सुरुवात कुठून करू? आणि ते एकतर्फी असतात, हे खरं का?

मराठी येतं ना? मग सरळ ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) लावा. बरेच जण आधी अयोध्येच्या मंदिर-वादावरचा ‘राम के नाम’ सुचवतील. तोही बघाच, पण ‘जय भीम’मधली शाहिरी आपल्याला सबटायटलशिवाय भिडते आणि फिल्मचा अर्धा जीव तिथेच आहे.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धन त्यांना आधीपासून ओळखत होते. मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावरच्या ‘हमारा शहर’मध्ये (१९८५) घोगरे गायले होते. घोगरे गेल्यावर पुढे चौदा वर्षं ‘जय भीम कॉम्रेड’चं काम चाललं. कोर्टकचेरी, निवडणुकांच्या सभा, वस्तीतले जलसे, कबीर कला मंच या गाणी-नाटकं करणाऱ्या गटाची पोरं, सगळं त्यात येतं. बातमीवाले दोन दिवसांत गाशा गुंडाळतात, हा माणूस तिथेच थांबतो. माझ्या लेखी त्यांचं खरं वेगळेपण हेच.

आता एकतर्फीपणाचं. ते बाजू घेतात आणि लपवत नाहीत. पण समोरच्याला बोलू देतात. ‘राम के नाम’मध्ये (१९९२) मंदिरासाठी आलेल्या तरुणांना ते कॅमेऱ्यामागून साधंच विचारतात, राम कोणत्या शतकात जन्मले? उत्तर देताना पोरांची तारांबळ उडते. त्याच फिल्ममध्ये रामजन्मभूमीचे पुजारी लालदास या सगळ्या राजकारणाविरुद्ध स्पष्ट बोलतात. १९९३ मध्ये त्यांचा खून झाला. हे माहीत असताना ती मुलाखत बघणं जड जातं.

खटकतं ते निवेदन. दृश्यातून कळलेलं कधीकधी पुन्हा सांगितलं जातं.

सेन्सॉरशी भांडण तर नेहमीचंच. अणुचाचण्यांवरच्या ‘जंग और अमन’ला २१ कट सुचवले होते, मुंबई उच्च न्यायालयात गेल्यावर २००३ मध्ये एकही कट न देता ती मोकळी झाली.

१९७४ च्या बिहार आंदोलनावरची ‘क्रांती की तरंगें’ मात्र शेवटी ठेवा. तुटपुंज्या साधनांवर केलेली, आणीबाणीत चोरूनमारून दाखवलेली फिल्म आहे, चित्र अगदी ओबडधोबड. आधीच लावलीत तर कंटाळाल.