बाल्कनीत वर्षभर राहिलेला तंगूस कमजोर होतो का?

हो, आणि तुमच्या बाबतीत दोष बहुधा उन्हाचा. तुम्ही म्हणता तंगूस, म्हणजे मासे धरायच्या गळाचा दोरा, नायलॉनचा आहे, रीळ गळासकट बाल्कनीत टांगलेलं होतं आणि आता गाठीपाशी तुटतोय. अतिनील किरणांनी नायलॉनच्या लांब साखळ्या तुटत जातात, आणि हे नुकसान परत भरून येत नाही. सुरुवात वरच्या वेढ्यांपासून होते. म्हणून वरचा थोडा तंगूस कापून टाका, आतला भाग गाठ मारून ताणकाट्याला (ओढ मोजणाऱ्या स्प्रिंगच्या काट्याला) लावून ओढून बघा. पाकिटावरच्या ताकदीच्या आकड्याच्या बराच खाली तुटला तर सगळाच बदला. नवा तंगूस काही फार महाग नसतो.

कोरडेपणाचं वेगळं. नायलॉन हवेतली ओल शोषतं. एप्रिल-मेमधल्या पुण्याच्या कोरड्या हवेत ते ताठ होतं, वेटोळी धरतं. असा तंगूस तासभर साध्या पाण्यात भिजवला की मऊ होतो. पूर्ण भिजल्यावर मात्र ताकद थोडी घटते, साधारण १० ते १५ टक्के, आणि वाळल्यावर परत येते. खडकवासल्याला दिवसभर गळ टाकून बसणाऱ्यांनी एवढं धरून चालावं.

उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रीळ ठेवू नका, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी तर मुळीच नको, आम्ल नायलॉनला खातं. कपाटातला बंद डबा पुरे. विणलेली पॉलिथिलिनची दोरी पाणी पीत नाही. फ्लोरोकार्बन या दुसऱ्या प्लास्टिकचा तंगूसही जवळजवळ नाहीच, शिवाय तो ऊनही चांगलं सोसतो.