१९४६ च्या सेसना १४० साठी बदली बॅटरी कोणती घ्यावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ओहायोत आपण १९४६ सालचे सेसना १४० हे दोन आसनी छोटे विमान विकत घेतले आहे, त्यातील बॅटरी थंडीत स्टार्टर नीट फिरवत नाही, आणि तिच्या जागी लिथियम बॅटरी घ्यावी, विमानासाठी बनवलेली शिशाची घ्यावी, की त्याच मापाची मोटारीची स्वस्त बॅटरी बसवून भागवावे, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी अमेरिकेतच विमानदुरुस्तीचा परवानाधारक मेकॅनिक म्हणून काम करतो आणि आपल्या विमानासारखी कॉन्टिनेंटल सी-८५ इंजिनाची जुनी विमाने माझ्याकडे नेहमी येतात. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. गिल जी-२५ किंवा कॉनकॉर्ड आरजी-२५एक्ससी या वर्गातील १२ व्होल्टची शिशाची बॅटरी घ्यावी, आणि या दोहोंतही माझा कल आरजी-२५एक्ससीकडे आहे. मात्र पैसे मोजण्यापूर्वी दोष खरोखर बॅटरीचाच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण या विमानांच्या बाबतीत चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचे प्रकार फार होतात.

खात्री करण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. बॅटरी पूर्ण चार्ज करावी, चाकांना अडण्या लावाव्यात, शेपूट बांधावे, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारी उपकरणे) बंद ठेवावेत (तरीही प्रोपेलर जिवंत आहे असेच समजून वागावे) आणि एकाने स्टार्टरची कळ ओढत असताना दुसऱ्याने प्रोपेलरपासून दूर राहून बॅटरीच्या दोन टर्मिनलांमधील व्होल्टेज पाहावे. ते ९ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीवर संशय घेणे योग्य आहे. ते १० च्या वर टिकून असेल आणि तरीही प्रोपेलर रेंगाळत असेल, तर बॅटरी निर्दोष आहे आणि वीज वाटेत कुठेतरी अडते आहे. अशा वेळी मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलला आणि दुसरे स्टार्टरच्या टर्मिनलला लावून पुन्हा स्टार्टर ओढावा, आणि मग तेच ऋण टर्मिनल व इंजिनाचे धड यांच्यामध्ये करावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली की त्या मार्गातील प्रत्येक जोड उघडून पाहावा. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असल्यामुळे त्याला विमानाच्या सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची पट्टी अत्यावश्यक असते. ती वरून ठीक दिसते, पण तिच्या टोकाचा लग (बोल्टखाली बसणारा धातूचा डोळा) सोडवला की खाली हिरवट भुकटी आणि निम्म्याहून अधिक तुटलेल्या तारा सापडतात. केबलचे आवरण लगच्या तोंडाशी बोटांनी दाबले असता आतून करकर असा आवाज आला, तर तांबे आत सडले आहे असे समजावे. शिवाय ओहायोच्या जानेवारीत तेलही घट्ट होते. कॉन्टिनेंटलच्या इंजिनांना उणे ७ अंश सेल्सिअसच्या खाली आधी ऊब द्यावी असे निर्माताच सांगतो, आणि ती न देता नवी बॅटरी बसवली तर तीही आपल्याला तितकीच दुबळी वाटेल.

आता बॅटरी खरोखरच संपली आहे असे धरून चालू. बहुतेक लोक बॅटरी निवडताना ती स्टार्टरला किती जोर देते एवढेच पाहतात. माझ्या मते आपल्या विमानात पहिला विचार जनरेटरचा करावा, कारण सी-८५ चे मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः निर्माण करतात, इंजिन चालू राहण्यासाठी बॅटरी लागतच नाही, आणि तिचे आयुष्य ठरते ते तिला रोज चार्ज करणाऱ्या यंत्रणेवरून. सेसना १४० मध्ये मूळचा जनरेटर अवघा १२ अँपिअरचा होता. पुढे अनेकांनी २० किंवा ३५ अँपिअरचे बसवले, पण हे सर्व जनरेटर इंजिन मंद चालत असताना जवळजवळ काहीच देत नाहीत. जमिनीवर रेंगाळत असताना रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख देणारे यंत्र) आणि दिवे बॅटरीवरच चालतात. जनरेटरचे व्होल्टेज ताब्यात ठेवायला जुन्या पद्धतीचा, कॉइलने उघडझाप होणाऱ्या पत्त्यांचा रेग्युलेटर असतो, आणि त्याची अचूकता आजच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरसारखी नसते.

लिथियमविषयीचा माझा आक्षेप येथूनच सुरू होतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वाईट नाही. काहींना टीएसओ-सी१७९ या विमानातील लिथियम बॅटऱ्यांसाठीच्या अमेरिकी सरकारी मानकाखाली मान्यताही मिळाली आहे, आणि वीस-बावीस पौंडांच्या जागी पाच पौंडांच्या आसपासचे वजन हे प्रलोभन खरेच मोठे आहे. परंतु तिचा अंतर्गत रोध अत्यंत कमी असल्यामुळे उतरलेल्या अवस्थेत ती जनरेटर देईल तेवढा सगळा प्रवाह ओढून घेते, आणि बिचारा १२ अँपिअरचा जनरेटर बराच वेळ आपल्या कमाल मर्यादेवर तापत राहतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. रेग्युलेटरच्या पत्त्या चिकटून व्होल्टेज वर चढले, तर शिशाची बॅटरी वायू सोडत का होईना ती वाढ बरीचशी पचवते, पण लिथियम बॅटरीतील संरक्षक सर्किट स्वतःला वाचवण्यासाठी बॅटरीला यंत्रणेपासून तोडते आणि मग बेलगाम जनरेटरच्या समोर आपला रेडिओ एकटा उरतो. विमानात आधुनिक आल्टरनेटर आणि अतिव्होल्टेज रोखणारी व्यवस्था असती तर मी वेगळे म्हटले असते.

शिशाच्या बॅटऱ्यांत दोन प्रकार आहेत. गिल जी-२५ सारख्या पातळ आम्लाच्या बॅटरीत प्रत्येक सेल उघडून हायड्रोमीटरने घनता मोजता येते आणि डिस्टिल्ड वॉटर घालता येते. तिची किंमतही सहसा कमी असते. पण तिच्यातून आम्लाचे बाष्प निघते, म्हणून बॅटरीच्या पेटीतून विमानाच्या पोटाखाली जाणारी नळी मोकळी आहे का आणि वाटेत खाण्याच्या सोड्यात भिजवलेला नमदा (लोकरीचा जाड तुकडा) ठेवलेली बरणी असल्यास तो सोडा संपला आहे का, हे पाहत राहावे लागते. दुर्लक्ष झाले तर आम्ल आधी पेटी आणि नंतर तिच्या खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा खाते, आणि १९४६ च्या विमानाचा पत्रा बॅटरीपेक्षा कितीतरी महाग असतो. आरजी-२५एक्ससीसारख्या बंदिस्त बॅटरीत आम्ल काचतंतूंच्या चटयांमध्ये शोषलेले असते, त्यामुळे ते सांडत नाही, आणि ती पडून असताना अधिक सावकाश उतरते. आपण हिवाळ्यात आठवडे-आठवडे विमान उडवणार नसाल तर हा गुण मोलाचा आहे. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील आम्ल पाण्याच्या इतके जवळ जाते की ते उणे ७-८ अंशांतच गोठू शकते, तर पूर्ण चार्ज असलेली बॅटरी ओहायोतील कोणत्याही थंडीत गोठत नाही.

मोटारीच्या बॅटरीचा विचार मात्र सोडून द्यावा. आपले विमान ए-७६८ या प्रकार-प्रमाणपत्राखाली मान्य झालेले आहे, आणि त्यात बसणाऱ्या बॅटरीला त्या विमानासाठी मान्यतेचा आधार असावा लागतो. खाजगी वैमानिकाचा परवाना असलेल्या मालकाला पूर्वीच्याच मान्य प्रकारची बॅटरी स्वतः बदलता येते, कारण अमेरिकेच्या विमान-नियमांच्या भाग ४३ च्या परिशिष्ट ‘अ’ मध्ये बॅटरी बदलणे हे प्रतिबंधात्मक देखभालीत धरले आहे. त्यानंतर लॉगबुकमध्ये कामाचे वर्णन, तारीख, सही, परवान्याचा क्रमांक आणि परवान्याचा प्रकार लिहावा. प्रकार बदलणार असाल तर तो विमानातील फेरबदल ठरतो, आणि तेव्हा मेकॅनिकला सोबत घेऊन त्या बदलाला मान्यता देणारे पूरक प्रमाणपत्र (एसटीसी) आहे का हे आधी पाहावे लागते. विक्रेत्याने “बसते” म्हटले एवढे पुरत नाही. उत्पादकाच्या यादीत आपले मॉडेल स्वतः शोधावे.

वजनाचा हिशेब आकड्यांत लहान असला तरी टाळू नये. समजा नवी बॅटरी जुनीपेक्षा ८ पौंडांनी हलकी आहे आणि ती गुरुत्वमध्यापासून ५० इंच मागे बसलेली आहे. १३०० पौंडांच्या भरलेल्या विमानात गुरुत्वमध्य सुमारे ०.३ इंच पुढे सरकतो, आणि शेपटीचे चाक असलेल्या विमानात तो पुढे सरकणे म्हणजे जोराने ब्रेक दाबल्यावर नाक जमिनीला टेकण्याची शक्यता वाढणे. बॅटरी कुठे बसलेली आहे हे पुस्तकात न पाहता विमानात पाहावे, कारण इतक्या वर्षांत एखाद्या मालकाने ती हलवलेली असू शकते.

खरेदी करताना बॅटरीवरील निर्मितीची तारीख विचारावी आणि दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी घेऊ नये. बसवताना ऋण केबल सर्वांत आधी काढावी आणि सर्वांत शेवटी जोडावी. टर्मिनलांची दिशा जुन्या बॅटरीप्रमाणेच आहे ना हे दोनदा पाहावे, कारण उलट जोडणीने रेडिओ तर जळतातच, शिवाय जनरेटरमधील उरलेले चुंबकत्वही उलटू शकते. चार्जर विमानाच्या बॅटरीला चालणारा असावा. मोटारींच्या चार्जरमधील ‘रिपेअर’ची कळ, जी १५-१६ व्होल्ट देते, ती बंदिस्त बॅटरीवर कधीही वापरू नये. सर्व जोडून झाल्यावर इंजिन सरळ उड्डाणातल्या वेगाने नव्हे तर मध्यम वेगाने चालवून केबिनमधील बसबारवर (उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवर) व्होल्टेज मोजावे. ते १४ ते १४.४ च्या दरम्यान नसेल तर विमान उडवण्यापूर्वी रेग्युलेटर जुळवून घ्यावा, कारण सतत १५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर बंदिस्त बॅटरी आतून वाळवून टाकतो आणि तिच्यात पाणी घालण्याची सोय नसते.