पीटीएसडीची पहिली तपासणी: ताई, सुरुवातीला एवढंच बघा

ताई, तुमचे माजी सैनिक मिस्टर पीटीएसडीच्या (भयंकर प्रसंगानंतर मनावर राहून गेलेला आघात) तपासणीला तयार झाले, हेच मोठं काम झालं. उपचारांचे प्रकार, पेन्शनचे कागद आत्ता डोक्यात घेऊ नका.

बऱ्याचदा आधी पीसीएल-५ ही प्रश्नावली देतात. २० प्रश्न, गेल्या महिन्याभरातल्या त्रासाबद्दल, एकूण ८० गुण. साधारण ३१-३३ किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी, इतकाच त्याचा अर्थ. निदान मानसोपचारतज्ज्ञ बोलून करतात. मोबाइलवर फॉर्म भरून घरीच निकाल लावू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो फौजी सवयीमुळे. डॉक्टरांसमोर "सब ठीक है" म्हणतात अन् बाहेर येतात. म्हणून तुम्ही लिहून न्या:
- झोप, वाईट स्वप्नं, दिवाळीच्या फटाक्यांना दचकणं
- चिडचिड, दारू, लग्नाकार्याला जायचं टाळणं
- हे कधीपासून, आठवड्यातून किती वेळा

पण उत्तरं त्यांनाच देऊ द्या. अन् "तिथं, फौजेत असताना, नेमकं काय झालं?" असं घरी खोदून विचारू नका, ते काम डॉक्टरांचं.

ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर तिच्या नागपूरच्या पॉलिक्लिनिकमधून रेफरल, म्हणजे तज्ज्ञाकडे पाठवायची चिठ्ठी, घ्या. जुने डिस्चार्जचे कागद, चालू गोळ्यांची नावं सोबत ठेवा. डोक्याला मार लागला असेल तर आवर्जून सांगा.

जीव द्यायची भाषा निघाली तर तारखेची वाट पाहायची नाही. जवळच्या दवाखान्यात न्या, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, २४ तास सुरू असतो. घरात परवान्याची बंदूक असेल तर ती आजच घराबाहेर, सुरक्षित ताब्यात द्या.